एचआरटी आणि ब्रेस्ट कॅन्सर: आपली रिस्क नीट समजून निर्णय कसा घ्यायचा

पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, दोन वाजता जाग आली की परत डोळा लागत नाही, आणि अशात कोणी एचआरटीचं, म्हणजे कमी झालेली हार्मोन्स औषधातून देणाऱ्या थेरपीचं नाव काढलं की लगेच कोणीतरी म्हणतं, नको गं, त्याने कॅन्सर होतो. झालं, विषय तिथेच संपतो. या एका वाक्यापायी कितीतरी बायका वर्षानुवर्षं निमूटपणे त्रास काढतात. आणि हल्ली उलटा सूरही ऐकू येतो की ते सगळं जुनं झालं, एचआरटी एकदम सेफ, बिनधास्त घ्या. मला दोन्हीचा राग येतो, कारण दोन्हीकडे बाईला पूर्ण माहिती न देताच तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकलेला असतो.

मुळात एचआरटी हे एकच औषध नाही. कुठलं हार्मोन, कुठल्या बाईला, किती वर्षं, एवढं बदललं की ब्रेस्ट कॅन्सरची रिस्क बदलते, काही प्रकारांत ती जवळपास वाढतच नाही आणि काही प्रकारांत दखल घ्यावी इतकी वाढते. म्हणून खाली एकेक पायरी करत जाऊया. हे वाचून स्वतःच्या मनाने औषध सुरू करायचं नाहीये, पण डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि मिळालेलं उत्तर कसं तोलायचं हे तुम्हाला कळायला हवं.

पायरी १: त्रास नेमका कुठला आहे ते लिहून काढा

दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. दिवसातून किती वेळा वाफा येतात, रात्री किती वेळा उठावं लागतं, मूड कसा आहे, सांधे दुखतात का, लघवीला जळजळ होते का, संबंधाच्या वेळी दुखतं का. शेवटची पाळी कधी आली तेही लिहा. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, पण त्रास त्याच्या कितीतरी आधी, पाळी मागेपुढे व्हायला लागल्यापासून सुरू होऊ शकतो. वय ४५ च्या पुढे असेल आणि लक्षणं अशीच असतील तर हार्मोनची रक्ततपासणी साधारण लागत नाही, ती पातळी रोज वरखाली होत असते. थायरॉइड मात्र एकदा बघून घ्यावं, घाम, धडधड, झोप न लागणं हे त्यानेही होतं.

ही नोंद यासाठी की इथेच पहिला मोठा फाटा फुटतो. तुमचा त्रास फक्त खालच्या भागाचा असेल, म्हणजे कोरडेपणा, जळजळ, दुखणं, वारंवार लघवीचं इन्फेक्शन, तर तुम्हाला पूर्ण शरीरात जाणाऱ्या हार्मोनची गरजच नाही. योनीमार्गात लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा आत ठेवायची छोटी गोळी पुरते. तिच्यातलं अगदी थोडं हार्मोन रक्तात जातं आणि आजवरच्या अभ्यासांत या प्रकाराने ब्रेस्ट कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही. तरी त्या क्रीमच्या डब्यातला कागद उघडला की एचआरटीचे सगळे इशारे त्यावर छापलेले असायचे आणि बायका ते वाचून ट्यूब तशीच कपाटात ठेवून द्यायच्या. (ज्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांचा नियम वेगळा, तो पुढे येईल.)

पायरी २: गर्भपिशवी आहे की काढलेली आहे

या प्रश्नाच्या उत्तरावर तुमची एचआरटी एका हार्मोनची असेल की दोन हार्मोन्सची ते ठरतं, आणि त्यावरच ब्रेस्ट कॅन्सरच्या रिस्कचा सगळ्यात मोठा फरक पडतो.

वाफा, घाम, झोप या सगळ्यावर काम करतं ते इस्ट्रोजेन. पण गर्भपिशवी असेल आणि नुसतंच इस्ट्रोजेन दिलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. ते थांबवायला सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं बनवलेलं औषध द्यावं लागतं. म्हणून गर्भपिशवी असलेल्या बाईला दोन हार्मोन्स, ज्याला कंबाइंड म्हणतात, आणि गर्भपिशवी काढलेल्या बाईला फक्त इस्ट्रोजेन. ब्रेस्टच्या बाबतीत रिस्क मुख्यतः वाढते ती या दुसऱ्या हार्मोनची जोड मिळाल्यावर.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. काही जणी हे वाचतात आणि ठरवतात की मग प्रोजेस्टेरॉनची गोळी गाळू, नुसतं जेल लावू, ब्रेस्ट तरी वाचेल. असं अजिबात करू नका. एका ठिकाणची छोटी रिस्क टाळायला दुसऱ्या ठिकाणची मोठी रिस्क घेताय तुम्ही. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून प्रकार बदलून घ्या.

ऑपरेशन झालं असेल तर जुने कागद शोधून काढा. गर्भपिशवी पूर्ण काढलीय का, तिचं तोंड ठेवलंय का, अंडाशय काढलेत की ठेवलेत, हे त्या डिस्चार्ज पेपरवर लिहिलेलं असतं. एंडोमेट्रिओसिससाठी (अस्तरासारखा थर गर्भपिशवीच्या बाहेर वाढतो तो आजार) ऑपरेशन झालेलं असेल तर तेही सांगा, तिथे गर्भपिशवी नसतानाही कधी कधी दोन्ही हार्मोन्स देतात.

पायरी ३: आकडे वाचायला शिका

हा भाग मोठा आहे पण सोडू नका, कारण सगळी भीती आणि सगळा बिनधास्तपणा याच आकड्यांच्या अर्धवट वाचनातून आलाय.

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका भागात गर्भपिशवी असलेल्या १६,६०८ बायका होत्या, निम्म्यांना कंबाइंड गोळी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच रिकामी गोळी. जुलै २००२ मध्ये तो भाग ठरल्याआधीच थांबवला आणि जगभर बातमी झाली की हार्मोन्समुळे ब्रेस्ट कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. रातोरात लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या.

आता हे २६ टक्के म्हणजे काय ते बघा. दरवर्षी १०,००० बायकांमागे रिकाम्या गोळीवाल्या गटात ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, कंबाइंड गोळीवाल्या गटात ३८ जणींना. म्हणजे वर्षाला १०,००० मागे ८ जणी जास्त, १००० मागे एकसुद्धा नाही. ३० वरून ३८ हीच ती साधारण २६ टक्क्यांची वाढ. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण पहिलं ऐकून माणूस गोळी फेकून देतो आणि दुसरं ऐकून विचार करायला बसतो. म्हणून कोणीही, अगदी डॉक्टरांनीही, टक्के सांगितले की लगेच विचारायचं: "हजारात किती जणी? किती वर्षांत?"

त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं हेही लक्षात ठेवा. वाफांसाठी औषध मागायला येणारी बाई साधारण पन्नाशीच्या आसपासची असते. हार्टअटॅक, स्ट्रोक, गुठळ्या यांच्या बाबतीत वयाचा हा फरक फार महत्त्वाचा ठरला, आणि म्हणूनच आता ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरुवात करणं बरं असं मानतात. पण ब्रेस्टच्या रिस्कबद्दल मात्र "त्या म्हाताऱ्या होत्या म्हणून झालं" असं म्हणून सुटका होत नाही, पन्नाशीत सुरू केलेल्यांमध्येही कंबाइंडने रिस्क वाढलेली दिसते.

त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या, त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं. हा भाग २००४ मध्ये थांबवला, स्ट्रोकच्या कारणाने. आणि ब्रेस्ट कॅन्सर? तो या गटात कमी निघाला. २०२० मध्ये सुमारे २० वर्षांच्या फॉलोअपचे आकडे आले तेव्हाही इस्ट्रोजेनवाल्या गटात ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण साधारण २२ टक्क्यांनी कमी होतं आणि त्याने होणारे मृत्यू ४० टक्क्यांनी कमी. कंबाइंडवाल्या गटात प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त होतं, मृत्यूंमध्ये मात्र ठामपणे म्हणता येईल असा फरक दिसला नाही.

मग सगळं सोपं झालं का? नाही झालं. २०१९ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये जगभरच्या ५८ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला, त्यात ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या एक लाखाहून जास्त बायकांची माहिती होती. पाश्चात्त्य देशांतल्या साधारण वजनाच्या १००० बायका घ्या, वय ५० ते ६९ ही २० वर्षं बघा:

- कधीच एचआरटी न घेतलेल्या: ६३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर
- ५० व्या वर्षापासून ५ वर्षं फक्त इस्ट्रोजेन: ६८
- ५ वर्षं इस्ट्रोजेन रोज आणि दुसरं हार्मोन महिन्यातले काही दिवस: ७७
- ५ वर्षं दोन्ही हार्मोन्स रोज: ८३

म्हणजे सगळ्यात जास्त रिस्कच्या प्रकारातही हजारात २० जणी जास्त, दर ५० जणींमागे एक. दहा वर्षं घेतलं तर हा जास्तीचा आकडा साधारण दुप्पट होतो. आणि औषध बंद केल्यावर रिस्क उतरते पण लगेच शून्य होत नाही, बरीच वर्षं घेतलेल्यांमध्ये थोडी रिस्क दहा वर्षांहून जास्त टिकलेली दिसली. एक वर्षापेक्षा कमी घेतलेल्यांमध्ये मात्र फरक अगदीच कमी होता.

इथे इस्ट्रोजेनने थोडी वाढ दिसते आणि वरच्या अमेरिकन अभ्यासात घट दिसली, हा विरोधाभास खरा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले होते, लॅन्सेटचा हिशोब स्वतःहून औषध घेणाऱ्या बायकांच्या निरीक्षणावर आहे, इस्ट्रोजेनचा प्रकार वेगळा, सुरू करायचं वय वेगळं, वजन वेगळं. दोन्ही एकत्र ठेवून मी एवढंच म्हणेन की फक्त इस्ट्रोजेनची रिस्क एकतर नाहीच किंवा फार थोडी आहे, आणि कंबाइंडची रिस्क खरी आहे, वर्षांबरोबर वाढते. कुठल्या देशात मूळ आकडाच कमी असेल तर जास्तीचा आकडाही त्या मानाने कमी येईल हेही ध्यानात ठेवा.

असं का होतं, तर ब्रेस्टच्या बऱ्याच कॅन्सर पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनला पकडणारे रिसेप्टर असतात. आधीच असलेल्या, अजून कुठल्याही तपासणीत न दिसणाऱ्या बारीक गाठीला हार्मोन मिळालं की ती जोमाने वाढते. थोड्याच वर्षांत फरक दिसायला लागतो तो यामुळे असावा असं मानतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, या औषधांवरचा काळ्या चौकटीतला ब्रेस्ट कॅन्सरचा इशारा काढायचं जाहीर केलं, त्यावरून रिस्क संपली असा अर्थ काही जणी काढतायत. चौकट काढल्याने वरचे आकडे बदलत नाहीत.

पायरी ४: तुमची स्वतःची मूळ रिस्क किती

जास्तीची रिस्क ही मूळ रिस्कवर चढते. मूळ कमी असेल तर वाढूनही कमीच राहते, मूळ जास्त असेल तर तीच वाढ जड जाते. म्हणून ही माहिती गोळा करा: आई, बहीण, मुलगी, मावशी, आत्या, दोन्हीकडच्या आज्या, यांच्यात कोणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला का आणि कितव्या वर्षी. वय फार महत्त्वाचं आहे, ७५ व्या वर्षी झालेला आणि ३८ व्या वर्षी झालेला यात खूप फरक आहे. स्वतःची कधी ब्रेस्टची बायोप्सी झाली असेल तर तो रिपोर्ट काढा, त्यात अटिपिकल हायपरप्लेशिया (कॅन्सर नव्हे, पण पेशींची वेगळी दिसणारी वाढ) असं काही लिहिलंय का ते दाखवा. तरुणपणी छातीला रेडिएशन दिलं होतं का? मॅमोग्राफीत, म्हणजे ब्रेस्टच्या एक्सरेत, ब्रेस्ट डेन्स (आतला भाग दाट) आहे असं लिहिलंय का? हे सगळं टाकून रिस्क काढणारी टायरर-क्युझिकसारखी मॉडेल्स आहेत, डॉक्टर ती वापरून तुम्हाला आकडा सांगू शकतात.

एकट्या मावशीला म्हातारपणी झाला म्हणून एचआरटीचं दार बंद होत नाही. पण लहान वयातले कॅन्सर, आईकडच्या किंवा वडिलांकडच्या एकाच बाजूच्या दोन-तीन जणी, किंवा बीआरसीए जीनमधला (ब्रेस्ट-ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता वाढवणारा) दोष घरात असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलिंग, मग बाकीचं. बीआरसीए असलेल्या ज्या बायकांचे अंडाशय लहान वयातच काढावे लागतात आणि ज्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालेला नाही, त्यांना नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत एचआरटी बऱ्याचदा दिली जाते, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

आता एक तुलना बघा, ब्रिटनमध्ये डॉक्टर बायकांना समजवायला जी वापरतात. ५० ते ५९ वयाच्या १००० बायकांमध्ये पुढच्या ५ वर्षांत साधारण २३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो. कंबाइंड एचआरटी घेतली तर ४ जणी जास्त. रोज दोन किंवा जास्त युनिट दारू घेतली तर ५ जास्त. स्थूलपणा असेल, बीएमआय ३० च्या वर, तर २४ जास्त. आणि आठवड्याला अडीच तास मध्यम स्वरूपाचा व्यायाम केला तर ७ कमी. वजनाचा आकडा वाचून मला स्वतःला धक्का बसला होता. कारण असं की मेनोपॉजनंतर अंडाशय थांबले तरी शरीरातली चरबी इस्ट्रोजेन तयार करत राहते. हे सांगायचा हेतू कोणाला वजनावरून बोलायचा नाही, पण गोळीला घाबरून रात्र रात्र जागणारी बाई झोपेअभावी व्यायामही सोडून देते तेव्हा हिशोब कुठल्या बाजूला झुकतोय हे बघायला हवं.

पायरी ५: तुम्ही "नको"च्या यादीत आहात का

स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय, कारण न कळलेलं अंगावरून रक्त जाणं चालू आहे, गर्भाशयाचा कॅन्सर, सध्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, नुकताच हार्टअटॅक किंवा स्ट्रोक, लिव्हरचा चालू आजार, यात पूर्ण शरीराची एचआरटी साधारणपणे देत नाहीत.

ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या मैत्रिणींसाठी जरा थांबून लिहिते, कारण त्यांचा त्रास सगळ्यात वाईट असतो. केमोने पाळी अचानक जाते, वरून टॅमॉक्सिफेन किंवा अरोमाटेज इनहिबिटरची गोळी (दोन्ही इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी), त्याने वाफा अजून वाढतात. स्वीडनमध्ये हॅबिट्स नावाचा अभ्यास अशाच बायकांवर सुरू केला होता, एचआरटी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसल्यामुळे तो २००३ मध्ये थांबवला. टिबोलोन नावाच्या, हार्मोनसारखं काम करणाऱ्या औषधाच्या अभ्यासातही परत येणं वाढलेलं दिसलं. म्हणून तुमच्यासाठी आधी बिनहार्मोनचे उपाय: व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन, आणि वाफांसाठी खास केलेली सीबीटी म्हणजे विचार-वर्तनाची थेरपी. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर वाफांसाठी पॅरॉक्सेटिन घेऊ नका, ते टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात बदलणं अडवतं. कोणी दुसऱ्या डॉक्टरांनी डिप्रेशनसाठी लिहून दिलेलं असलं तरी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. फेझोलिनेटंट हे मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करणारं नवं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्यात हार्मोन नाही, पण लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि कॅन्सर झालेल्यांनी ते ऑन्कोलॉजिस्टना विचारूनच घ्यायचं. कोरडेपणासाठी आधी मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट, त्याने नाहीच भागलं तर कमी डोसच्या क्रीमबद्दल ऑन्कोलॉजिस्टशी बोला, अरोमाटेज इनहिबिटर चालू असेल तर जास्तच जपून.

पायरी ६: प्रकार निवडा, पाकीट वाचा

एचआरटीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, त्याचा आपल्याला उपयोग नाही. त्याखाली बारीक अक्षरात घटक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, इस्ट्रोजेन. इस्ट्राडायोल आहे की कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन, गोळी आहे की पॅच, जेल, स्प्रे. त्वचेतून जाणाऱ्या प्रकारात रक्ताच्या गुठळीची रिस्क गोळीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे वजन जास्त, बीपी, मायग्रेन असेल तर तो बरा. पण लक्षात घ्या, ब्रेस्टच्या रिस्कमध्ये पॅच आणि गोळी यांत विशेष फरक दिसलेला नाही. "पॅच आहे ना, मग कॅन्सरची भीती नाही" हे चूक आहे.

दुसरी, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, आणि ब्रेस्टसाठी खरी निवड इथे आहे. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, नॉरएथिस्टेरॉन ही बनवलेली औषधं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन हे शरीरातल्या हार्मोनसारखंच. डायड्रोजेस्टेरॉन त्याच्या बरंच जवळचं. फ्रान्समध्ये ८०,००० हून जास्त बायकांवरच्या ई-थ्री-एन नावाच्या अभ्यासाचे २००८ चे आकडे असे होते की इस्ट्रोजेनसोबत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये वाढ दिसली नाही, डायड्रोजेस्टेरॉनमध्ये ठामपणे वाढ म्हणता आली नाही, आणि बाकीच्या बनवलेल्या औषधांमध्ये प्रमाण साधारण ६९ टक्क्यांनी जास्त होतं. हाही निरीक्षणाचा अभ्यास आहे आणि पाच वर्षांच्या पुढे मायक्रोनाइज्डही अगदी निर्धोक राहतं असं म्हणता येत नाही, तरी मला विचाराल तर डॉक्टरांना आधी याच दोघांबद्दल विचारा. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन साधारण रोज १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम असं देतात, झोपताना घ्यायचं, कारण गुंगी येते, जी झोप उडालेल्या बाईला फायद्याचीच पडते. हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली, ही पण अस्तराचं रक्षण करते.

"बायोआयडेंटिकल" म्हणून खास तुमच्यासाठी घोटून दिलेली मिश्रणं आणि कातडीखाली बसवायचे पेलेट्स यांच्यापासून लांब राहा. डोस किती जातोय याचा भरवसा नसतो आणि अस्तराचं रक्षण होतंय की नाही कळत नाही. हर्बल असलं म्हणजे ब्रेस्टला चालतं असंही नाही.

पायरी ७: सुरू करण्याआधी

बीपी, वजन, पूर्ण हिस्टरी, आणि तुमच्या वयाला लागू असलेली मॅमोग्राफी झालेली नसेल तर ती. ब्रेस्टमध्ये गाठ, काखेत गाठ, कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी, निप्पल नव्याने आत गेलेलं, रक्तासारखा स्राव, यातलं काहीही असेल तर त्याचा पूर्ण छडा लागेपर्यंत हार्मोन सुरू करायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर घेऊन जा, समोर बसलं की अर्धं विसरायला होतं. मी असे विचारायला सांगेन: "माझ्या वयात आणि माझ्या घरच्या हिस्टरीत, काहीच न घेता पुढच्या पाच वर्षांत हजारात किती? हे औषध घेतलं तर किती? यातलं दुसरं हार्मोन कुठलं आहे, मायक्रोनाइज्ड किंवा डायड्रोजेस्टेरॉन का नाही? परत कधी बघणार?" डॉक्टर नुसतं "काही होत नाही" किंवा नुसतं "कॅन्सर होतो" म्हणाले आणि पुढे बोलायला तयार नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यात कोणाचा अपमान नाही.

पायरी ८: पहिले तीन महिने आणि मग दरवर्षी

वाफा काही आठवड्यांत कमी व्हायला लागतात. सुरुवातीला ब्रेस्ट जड वाटणं, दुखणं हे बऱ्याच जणींना होतं आणि भीतीने जीव उडतो, पण दोन्ही बाजूंना सारखं दुखणं हे बहुतेक वेळा डोसमुळे असतं. तीन महिन्यांनी दाखवायला जा, डोस तेव्हा ठरतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत थोडं अनियमित डाग दिसू शकतात, त्यापुढे चालू राहिलं किंवा थांबून परत सुरू झालं तर सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराची तपासणी हवीच.

मग दरवर्षी एकदा बसून विचार करायचा: अजून गरज आहे का, कमी डोसमध्ये भागेल का, घरात कोणाला नव्याने कॅन्सर निघाला का, बीपी-वजन काय म्हणतंय. मॅमोग्राफी वेळापत्रकाप्रमाणे चालू ठेवा. कंबाइंड एचआरटीने ब्रेस्ट जास्त डेन्स दिसतं, त्यामुळे फोटोत छोटी गाठ झाकली जाऊ शकते आणि परत बोलावणंही जास्त होतं. परत बोलावलं म्हणजे कॅन्सरच असं धरून बसू नका, पण जायला उशीरही करू नका.

पायरी ९: किती वर्षं, आणि थांबवायचं कसं

पाच वर्षं झाली की बंदच, असा सगळ्यांना लागू होणारा नियम आता नाही. कंबाइंड घेणाऱ्यांसाठी मात्र पाच वर्षांच्या आसपास गांभीर्याने फेरविचार करावा, कारण रिस्क वर्षांनुसार चढते. कोणाला हाडांसाठी, कोणाला वाफा सुटतच नाहीत म्हणून पुढे चालू ठेवावंसं वाटेल, ते आकडे समोर ठेवून ठरवलेलं असलं की झालं.

ज्यांची पाळी चाळिशीच्या आत गेली किंवा अंडाशय लवकर काढले, त्यांनी हे सगळे आकडे स्वतःला लावू नयेत. त्या वयात शरीराने एरवी जे हार्मोन तयार केलं असतं तेवढंच त्यांना परत दिलं जातंय. साधारण ५१ व्या वर्षापर्यंत घेणं हेच त्यांच्या हाडांसाठी आणि हृदयासाठी चांगलं, ब्रेस्टच्या भीतीने नाकारलं तर नुकसान मोठं. पन्नाशीनंतर जितकी वर्षं घ्याल तेवढीच मोजा.

थांबवताना हळूहळू डोस उतरवला तर वाफा एकदम उसळत नाहीत, पण काही महिन्यांनी बघितलं तर अचानक थांबवलेल्या आणि हळूहळू थांबवलेल्यांत फरक उरत नाही. थंडीच्या दिवसांत थांबवलं तर जरा सोपं जातं असं बऱ्याच जणींचं म्हणणं आहे.

आणि एचआरटी चालू असताना ब्रेस्टला गाठ लागली तर? वाट बघत बसायचं नाही, पाळी येते-जाते तसं हे जाईल असं आता होत नसतं. लगेच दाखवा, कुठलं औषध किती दिवस घेताय त्याचा फोटो सोबत ठेवा. कॅन्सर निघालाच तर पूर्ण शरीराचे हार्मोन थांबवतात आणि बायोप्सीच्या तुकड्यावर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर तपासतात, पुढची ट्रीटमेंट त्यावर ठरते. मॅमोग्राफीच्या फॉर्मवरही एचआरटीचं नाव आणि सुरू केल्याची तारीख लिहा, बंद केलेली असली तरी लिहा, फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना ते कळणं गरजेचं असतं.